डावा कान

"दादा, माझ्या कानात कोन शिट्टी फुंकतंय रं?"

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली, पण तो आवाज तात्याबाच्या मनातून हलला नाही. आवाज सहा वर्षांच्या पोरीचा. रडका असता तर कदाचित तो विसरला असता. पण पोरगी रडत नव्हती, नवलानं विचारत होती. डाव्या कालव्याच्या भरावावर, बाभळीच्या विरविरीत सावलीत उभी राहून, डाव्या गालावर उमटलेली चार बोटं घेऊन, डोळे मोठे करून विचारत होती. आणि बारा वर्षांचा तात्याबा म्हणाला होता, "वारं शिरलं आसंल. जाईल."

वारं गेलं नाही. आठ दिवसांनी कान वाहायला लागला, पाऊसकाळ सरेपर्यंत वाहत राहिला, आणि मग डाव्या अंगानं जग कायमचं मिटलं.

त्या दुपारी झालं होतं ते एवढंच. दोघं भावंडं मेंढरं घेऊन कालव्याला गेली होती. तीन पोरींच्या पाठीवर झालेली म्हणून तिचं नाव नकोशी, पण दादाची ती नकू. तात्याबाला बाभळीखाली डुलकी लागली. कोकरू घसरून कालव्यात पडलं. नकू काठानं हाका मारत धावत होती, "दादा, उठ, दादा, उठ," आणि दादा उठला तेव्हा पाण्यावर पांढरा ठिपका वळणाआड चालला होता. बापाचा, आबांचा मार त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला आणि त्या भीतीनंच त्याचा हात उठला. एकदाच. उघड्या पंजाचा, नेमका कानावर.

मग त्यानं दुसरी गोष्ट केली. वस्तीवर परतण्याआधी पोरीला काठाशी बसवलं आणि ओंजळीनं पाणी घेऊन तिचं डोकं भिजवलं, परकर-पोलकं भिजवलं. "सांगायचं, कोकरामागं मी उडी टाकली. दादानं येनी धरून भायेर वढलं. न्हाय तर आबा दोघास्नी सोलत्यात." पोरीनं मान हलवली. भिजलेल्या केसांतून पाणी गळत होतं, डाव्या कानात उतरत होतं.

घरात कुणी मारलं नाही. उलट आईनं तात्याबाच्या तोंडावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. बहिणीला वाचवलं म्हणून त्याला वाटीभर दुधाची साय मिळाली. ती साय त्याला आजही घशात लागते.

पोरीची समज ती केवढी! आईला सांगितलं, आजोळी सांगितलं, शेजारी सांगितलं. सांगून सांगून ती उडी तिचीच झाली. कानावरून दोन सोयरिकी मोडल्या. तिसऱ्या वेळी लासुर्ण्याचे मोहनराव बघायला आले. नकोशीनं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "कोकरामागं पान्यात उडी टाकली मी, तवा गेला कान." मोहनराव हसून म्हणाले, "मग बाई घरातलं काय बुडू द्यायची न्हाय." आणि लग्न ठरलं. तिच्याजवळ सांगण्यासारखी शौर्याची तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती खोटी होती, आणि ते एकट्या तात्याबाला ठाऊक होतं.

तो दर भाऊबीजेला निरवांगीहून लासुर्ण्याला जायचा. सगळे नकोशीच्या उजव्या हाताला बसत, कारण बोललेलं त्याच बाजूनं पोचायचं. तात्याबा मात्र डाव्या हाताला बसायचा. ती शेंगा सोलत असली, वाती वळत असली की खाली बघत हलक्या आवाजात म्हणायचा, "नकू, मी मारलं हुतं."

तिला कुठून तरी बोलण्याची हालचाल जाणवायची. ती पुरती वळून उजवा कान पुढं करायची. "आं? काय म्हनलास?"

"काय न्हाय. च्या टाक म्हनलं."

मग ती चहा टाकायची. असे कितीतरी चहा तो नको असताना प्यायला होता.

*

शहाण्णव साली मोहनरावांनी जुनं पाडून तीन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. दिवाळीनंतर वास्तुशांत धरली. माहेरचा आहेर काय आणू म्हणून तात्याबानं विचारलं, तर नकोशी म्हणाली, "साडी नको बाबा. पेटीचं झाकान बसंना झालंय."

"मग भांडं?"

"भांडं घासायचं कुनी?" ती लाजल्यासारखी हसली. "दिपालीच्या मैत्रिनीकडं दोन खोकी हायत बग. उभी. मानसाच्या छातीएवढी. त्यातनं गानं लावलं का घर भरतंय. मी आजवर रेडू असा कानाला धरूनच ऐकला. एक हात त्यातच जातो. मोठं आसंल तर दोनी हात मोकळं राहत्याल, भाकरी थापता थापता ऐकीन."

तात्याबानं तिच्या उजव्या हाताकडं पाहिलं. रेडिओ धरून धरून कोपराशी तो जरा वाकडाच राहायचा. नाही म्हणायला जागा कुठं होती?

"टॉवर म्हणतात मामा त्याला," दिपाली म्हणाली. ती नकोशीची धाकटी, इंदापूरला कॉलेजात शिकणारी, आईचे डोळे आणि बापाची जीभ घेऊन आलेली. "मोठ्या कंपनीचे मागू नकोस आई, मामाला मेंढ्यांसकट विकावं लागंल."

"आगं, सहाच राहिल्यात आता. कोन घेतंय?" तात्याबा म्हणाला.

पहिल्यांदा मामा-भाची इंदापूरला गेली. दुकान चकाचक, काचेचं दार, आत गार वारा. दुकानदारानं दोन काळेभोर टॉवर दाखवले. एकेकाला वरपासून खालपर्यंत चार तोंडं, आणि तोंडांभोवती लाल-हिरवे दिवे, गाण्याबरोबर लुकलुकणारे. किंमतही बसत होती. दिपाली खूश. आवाजही मोठा. इतका मोठा की काच थरथरत होती.

तात्याबानं ढोलाचा माणूस जे करतो ते केलं. तरुणपणी तो धनगरांच्या गजी नाचाला ढोल बडवायचा. कातडं बोलतं की नुसतं ओरडतं हे त्याला तळहाताला कळायचं. त्यानं एकेका तोंडापुढं पंजा धरला. वरच्या दोन तोंडांतून श्वास लागला. खालची दोन गार.

"ही दोन बोलत न्हाईत," तो म्हणाला.

"ती शोभेची असतात काका," दुकानदार म्हणाला. "लूक येतो."

"चार तोंडं आणि दोन मुकी," दिपालीनं तोंड वाकडं केलं. "चला मामा. असली माणसं आमच्या कॉलेजातबी हायत."

ती हसली, तो हसला नाही. आहे असं दाखवायचं आणि आत काहीच नाही. 

*

पुढच्या आठवड्यात तो एकटाच बारामतीला गेला. दिपालीची परीक्षा होती. भिगवण रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये काटेवाडीचा महिपती टॉवर बनवून विकतो असं कुणी सांगितलं होतं. शेडमध्ये लाकडाचा भुसा, सरसाचा वास, आणि तारांना डाग द्यायच्या तापल्या सळईचा निळसर धूर.

"कोनच्या कंपनीचे?" तात्याबानं विचारलं.

"कंपनी म्हंजी मी, बायको आन् करवत," महिपती म्हणाला. चष्मा कपाळावर, कानामागं पेन्सिल, वय तात्याबाच्याच आसपास. "सामान दिल्लीचं, हात काटेवाडीचा. दिवे न्हाईत, आधीच सांगतो. दिवे पायजे असतील तर गनपतीच्या मांडवात जावा."

तात्याबानं खोक्यावर बोटांची गाठ वाजवली. वर, मधे, खाली. मग पंजा धरला. मोठं तोंड एकच, आठ इंची, त्याच्यावर बारक्या आवाजाचं छोटं. दोन्ही बोलत होती. महिपती त्याच्या हाताकडं बघत राहिला.

"ढोलाचं मानूस दिसताय, तात्या."

"हुतो."

"मग तुमाला फसवायचं काम न्हाय. ह्ये बगा, खोकं रिकामं ठिवलं तर हंड्यात तोंड घालून बोलल्यागत हुतं. म्हनून आत कापूस भरतो मी."

"लोकर चालंल?"

महिपतीनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "चालंल? धावंल! पर आननार कुठनं?"

"घरची हाय. अवंदाच्या कातरनीची."

अशी ती खोकी ठरली. आठवड्यानं तात्याबा लोकरीचं पोतं घेऊन आला. महिपतीनं ती पिंजून, निगुतीनं खोक्यांच्या पोटात भरली, मागची फळी आवळली, आणि तात्याबाला एका स्टुलावर बसवलं. समोर दोन्ही टॉवर, भिंतीपासून हातभर पुढं, तोंडं किंचित आत वळवलेली.

"दोघी जावा चुलीपाशी बसून कागाळ्या करत्यात का न्हाय, तशी तोंडं पायजेत. एकदम समोरासमोर न्हाय, एकदम पाठ फिरवून न्हाय. आता ऐका."

कॅसेट लागली. बाई गात होती. तात्याबानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. आवाज दोन्हींकडून येत नव्हता. तो दोन खोक्यांच्या बरोबर मधून येत होता, जिथं नुसती भिंत होती आणि भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर.

"मधी कोन हाय?"

महिपती खूश झाला. गिऱ्हाइकानं हे विचारलं की त्याचा दिवस सार्थकी लागायचा. "कोन न्हाय! दोनी खोक्यांनी बरोबरीनं श्वास घेतला आन् दोनी कानांनी त्यो धरला, की मधी मानूस उभं राहतं. मधला मानूस म्हंतो मी त्याला. खोटं वाटतं तर एक कान झाका."

तात्याबाचा हात आपसूक डाव्या कानावर गेला. गाणारी बाई मधून उठली आणि उजव्या अंगाला जाऊन बसली. हात काढला, ती परत मधे आली. हात ठेवला, गेली. तो किती वेळ तसंच करत राहिला. महिपतीला वाटलं पाव्हणा रंगलाय.

"ऐकनार कोन हाय घरात?" त्यानं तारा गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"भन."

"कान कसे हायत त्यांचे? विचारलेलं बरं असतं. परवा एका कानाचं गिऱ्हाईक आलं हुतं, त्याला मी दोन इकलेच न्हाईत. दोनी तारा एकाच खोक्यात सोडल्या, चांगलं दमदार एक खोकं दिलं. म्हनलं, मधला मानूस तुमाला भेटनारच न्हाय, कशाला उगं?"

तात्याबा लोकरीच्या रिकाम्या पोत्याची घडी घालू लागला. सांगायला सोपं होतं. भन एका कानानं बहिरी हाय. पण त्यामागून प्रश्न येणारच, कशानं गेला? आणि पाण्याची गोष्ट आता स्वतःच्या तोंडानं सांगायची ताकद तात्याबात नव्हती, आणि दुसरी गोष्ट तर मुळीच नव्हती.

"चांगले हायत," तो म्हणाला. "दोनी."

महिपतीनं शेवटचं शिकवलं. "तांबडी तार तांबड्यात, काळी काळ्यात. दोनी खोक्यांना सारखं. एकाची उलटी झाली तर एक श्वास घ्यायला लागतं तवा दुसरं सोडायला लागतं, मधला मानूस जातो, आवाज आसून नसल्यावानी हुतो. घाबरायचं न्हाय. तारा काढायच्या, फिरवून लावायच्या."

*

वास्तुशांतीच्या सकाळी टॉवर दुधाच्या टेम्पोतून, घोंगड्यात गुंडाळून लासुर्ण्याला आले. नकोशीनं खोक्यांना हळद-कुंकू लावलं. दिपाली म्हणाली, "आई, ती काय गाय हाय का, घास पण भरव." "भरवीन, तुझं काय जातंय?" नकोशी म्हणाली, आणि खरंच वर गुळाचा खडा ठेवला.

तारा तात्याबानं कुणाला लावू दिल्या नाहीत. नव्या फरशीवर पालथा पडून, चष्म्याविना, चाचपत लावल्या. होम आटोपला, ब्राह्मण जेवून गेले, आणि बैठकीच्या खोलीत सोयरेधायरे जमले. मोहनरावांनी स्वतः आणलेल्या नव्या कॅसेट-डेकचं बटण दाबलं.

आवाज आला, पण कसा! पातळ, पोकळ, कुठूनच नसल्यासारखा. ढोल तर नाहीच.

"मामा, गाणारी बाई आडात पडली का?" दिपाली म्हणाली.

"पाव्हणं, इंदापूरचेच बरे हुते की मग!" मोहनराव म्हणाले. सगळे हसले.

तात्याबा परत पालथा झाला. उजव्या खोक्याच्या तारा बरोबर होत्या. डाव्याच्या उलट्या. डाव्याच्याच. त्यानं त्या काढल्या, फिरवून लावल्या. एवढंच करायचं होतं. तो उठला. बटण दाबलं आणि ढोल खोलीत उतरला, गाणारी बाई मधोमध येऊन उभी राहिली. शेजारच्या भामाबाईंनी पदर सावरला, जणू खरंच कुणी आत आलं होतं.

मग दिपालीला खेळ सुचला. तिनं समोर घोंगडं टाकलं. एकेकानं तिथं बसायचं, डोळे मिटायचे, आणि आवाज कुठून येतो तिकडं बोट करायचं. भामाबाई बसल्या, बोट मधे. मोहनराव बसले, बोट मधे. पोरंटोरं बसली, मधे. प्रत्येकाला डोळे उघडल्यावर भिंत दिसायची आणि हशा पिकायचा.

"आता आई!"

"मला काय करायचंय," नकोशी म्हणाली, पण बसली. डोळे मिटले. आपल्या घरात, आपल्या माणसांत, हात मांडीवर मोकळे. तिला तसं बघून तात्याबाला वाटलं होतं, बरं झालं, दोन घेतले ते बरंच झालं.

दिपालीनं आवाज न करता डेकची, आवाज या-त्या खोक्याकडं वळवणारी बारकी चकती डावीकडं फिरवली. उजवा टॉवर गप्प झाला. आता एकटा डावा गात होता.

नकोशीनं हात उचलला आणि ठाम बोट केलं. उजवीकडं. बंद पडलेल्या खोक्याकडं.

घर हसून कोसळलं. "आगं आई, ते बंद हाय!" नकोशीनं डोळे उघडले, एकदा या टॉवरकडं, एकदा त्या टॉवरकडं बघितलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

"मला बाई सगळं जग उजव्या हातालाच हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "मधलं बिधलं तुमचं तुमाला. मला ह्ये बी लई गोड लागलं."

"वहिनी, कान कशानं गेला वो?" गर्दीतून एका पाव्हणीनं विचारलं.

 नकोशीनं घोंगड्यावर बसल्या बसल्या सुरुवात केली, तशीच, शब्दाला शब्द. कालवा कसा दुथडी होता. कोकरू कसं गेलं. आपण कशी उडी टाकली. "पोहायला कुठं येतं हुतं! पर कोकरू बें करून वरडलं, मग कसला दम निघतोय? आन् ह्यो माझा दादा," तिनं त्याच्याकडं हात केला, "ह्यानं येनी धरून वढलं. ह्यो नसता तर कुठलं घर आन् कुठली वास्तुशांत!"

सगळ्यांनी तात्याबाकडं पाहिलं. तो टॉवरच्या डोक्यावरचा गुळाचा खडा सरळ करत राहिला.

"थांबा, थांबा," दिपाली म्हणाली. "आता आईचंच ऐका." तिनं चकती परत मधे आणली आणि खिशातून कॅसेट काढली. चार दिवसांमागं पहाटे नकोशी जात्यावर पुरणाची डाळ भरडत असताना, दाराआडून भरून घेतलेली. नकोशी "आगं बया, नको" म्हणेपर्यंत खटका दाबला गेला होता.

आधी जात्याची घरघर आली. महिपतीच्या हातची खोकी, घरच्या मेंढरांची लोकर. घरघर अशी आली की नव्या फरशीखाली जातंच फिरतंय. आणि मग त्या दोन खोक्यांच्या मधून, जिथं कुणी नव्हतं तिथून, नकोशीचा आवाज उठला.

डाव्या कालव्याच्या, पाण्याचा रंग गहिरा
कोकराच्या पायी, झाला माझा कान बहिरा

कान गेला जाऊ, राहिली कुडी माझी बाई
दादानं धरली येणी, दादावाणी कुणी न्हाई

भाऊ माझा येतो, बसतो डाव्या अंगाला
न ऐकता त्याचं, सुख लागतं जीवाला

भामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नकोशी मान खाली घालून, स्वतःचा आवाज ऐकत, उजवा कान थोडा पुढं करून बसली होती. सगळ्यांना ती मधे दिसत होती. तिला स्वतःला मात्र ती एका बाजूलाच ऐकू येत असणार.

तात्याबा उठून बाहेर गेला.

डाव्या अंगाला. म्हणजे तिनं पाहिलं होतं. इतकी वर्षं तो तिथं बसत आला, बहिऱ्या कानात आपलं ओझं टाकून मोकळा व्हायला बघत आला, आणि तिनं त्याची ओवी केली होती. तिला वाटलं होतं, बोललेलं पोचत नाही हे ठाऊक असूनही भाऊ काळजाच्या अंगाला बसतो. त्याला इंदापूरचं ते दुकान आठवलं. चार तोंडं, दोन मुकी. पंजा धरला तर श्वास लागत नाही.

खरं सांगितलं तर तिची ती उडी जाणार होती. ओवी जाणार होती. मोहनरावांना जी बाई आवडली तिच्यातलं काहीतरी जाणार होतं. हे सगळं तो स्वतःला नेहमीच सांगत आला होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण आज बाहेर उभं राहून त्याला दिसलं की प्रत्येक वेळी हे कारण तिच्या नावानं निघतं आणि त्याच्या उपयोगाला येतं.

*

जेवणं उठली, सोयरे पांगले. उन्हं कलली तशी अंगणात उसाच्या पाचटाचा वास उतरला. आत दिपालीनं कुठलंसं सिनेमातलं गाणं हलकं लावून ठेवलं होतं. नकोशी नव्या पायरीवर सूप घेऊन बसली होती, उरलेल्या तांदळातले खडे वेचत. दोन्ही हात मोकळे.

तात्याबा आला आणि सवयीनं तिच्या डाव्या हाताला टेकला. तिनं न बघताच पदर आवरून त्याला जागा केली.

तो सुपाकडं बघत राहिला. मग नेहमीसारखंच, नेहमीच्याच आवाजात पुटपुटला, "नकू, मी मारलं हुतं."

ती पुरती वळली, उजवा कान पुढं करत. कपाळावरचं हळदकुंकू घामानं ओघळलं होतं. "आं? काय म्हनलास? च्या टाकू?"

"नको च्या."

 दादानं चहा नको म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. "बरं वाटत न्हाय का रं? सकाळधरनं तारा ओढत पालथा पडलाईस..."

तात्याबा उठला. पायरीवरून खाली उतरला, तिच्या पुढून वळसा घालून पलीकडं गेला. चार पावलांची वाट. तेवढ्यात आत गाणं संपलं. तो तिच्या उजव्या हाताला बसला.

"हिकडं कशाला आलास?" ती हसून म्हणाली. "हितं ऊन लागंल तुला. तुझी जागा तिकडं हाय."

"लागू दे."

"आन् गानं बरं हाय हं दादा. मगाशी पोरं हसली, पर मला खरंच लई..."

"नकू, ऐक."

तिनं सूप मांडीवर ठेवलं. त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि चाळीस वर्षांपूर्वीसारखे डोळे मोठे केले.

"तू पान्यात उडी टाकलीच न्हवती," तात्याबा म्हणाला. या वेळी त्यानं आवाज हलका होऊ दिला नाही. "कोकरू गेलं तवा मला झोप लागलीती. तू हाका मारत हुतीस. मी उठलो आन् तुलाच मारलं, उघड्या हातानं, त्या कानावर. घरी सांगता यावं म्हनून तुझ्या डोसक्यावर पानी घातलं त्ये बी मीच, वंजळीनं. तुला कुनी वाचवलं न्हवतं, नकू. तुझा कान मी घालवला."